लेण्यातल्या लेकी आणि आपल्या घरातले कागद

तरुण नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाले की दोन प्रकारची माणसं नाकं मुरडतात. पहिले म्हणजे घरातले वडीलधारे. त्यांच्या मते लग्न झालं की फिरणं पुरे, आता संसार बघा. दुसरे आपलेच चळवळीतले मित्र. त्यांना वाटतं, रविवार सभेला, वाचनालयाला, मोर्चाला द्यावा. जोडप्याचं फिरणं ही खाजगी चैन आहे. या दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. दोन माणसं एकत्र कुठे जातात, तिथे काय बघतात आणि बघितलेलं घरी आणून त्याचं काय करतात, हा खाजगी प्रश्न नाही. संसार कसा करायचा हे आपण भाषणातून कमी आणि अशा फिरण्यातून जास्त शिकलो, असं मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणते.

आमचा संसार साधा आहे. चिंचवडला भाड्याची खोली, एक जुनी मोटरसायकल, दोघांच्या नोकऱ्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, जोडीदार वर्कशॉपमध्ये शिफ्टला. त्याची रात्रपाळी असली की आमची भेट सकाळच्या चहापुरती. लग्न आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने केलं. नाव मी बदललं नाही. तसं बदलायला सांगणारा कायदाच नाही. खर्चाची वही एकच, तिच्यात दोघांचं अक्षर. महिन्यातला एक रविवार मात्र आम्ही बाजूला काढलेला. त्या दिवशी लेणी बघायची. कारणही साधंच होतं, लेण्यांना जायला पैसे कमी लागतात. लोकलने मळवलीला उतरा, एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. डब्यात पोळी-भाजी, बाटलीत पाणी. झाली सहल!

कार्ल्याला बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनाला येतात आणि जाताजाता शेजारचं चैत्यगृह बघतात. दाराशी फोटो काढतात आणि पायऱ्या उतरतात. पण त्याच दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीची जोडपी कोरलेली आहेत, तिकडे थोड्याच लोकांचं लक्ष जातं. डोक्याला मुंडासं बांधलेला पुरुष, पायात जाड वाळे घातलेली बाई. दोघं खांद्याला खांदा लावून उभी. ती त्याच्या पायाशी बसलेली नाही, मागेही उभी नाही. ही जोडपी म्हणजे दान देणारे नवरा-बायको, असं जुन्या अभ्यासकांना वाटे. नंतरच्या काहींनी ती शुभचिन्ह म्हणून कोरलेली मिथुनं मानली. हा वाद अभ्यासकांनी करावा. आम्ही दोघं त्या भिंतीपुढे बराच वेळ उभे होतो आणि आमच्या मनात एवढंच आलं की अशा उभं राहण्याचं चित्र आपल्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही. तिथे मी बसलेली आणि तो उभा.

मूर्तींबद्दल वाद असेल, शिलालेखांबद्दल तेवढा नाही. कार्ल्याचे लेख वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही अवाढव्य वास्तू एका राजाने बांधून टाकलेली नाही. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी तिला जंबुद्वीपातली सर्वोत्तम म्हणतो. धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणारा, दर्शनी दाराचं दान देतो. त्याच गावच्या सामि नावाच्या सुताराचं नावही दाराच्या कामाशी जोडलेलं आहे. आणि कोडी नावाची एक भिक्खुणी आहे. तिने वेदिकेचं दान दिलं. तिची ओळख लेखात अशी आहे: घुणिकाची आई. संघात गेलेल्या बाईचंही आईपण पुसलेलं नाही.

हे वाचता यावं म्हणून आम्ही ब्राह्मीची अक्षरं शिकलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता चिकटवला. क म्हणजे साधारण अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. भाकरी थापता थापता मी त्याला अक्षर विचारायचे. भांडी घासता घासता तो मला. दगडावरचा अख्खा लेख वाचण्याइतकी तयारी आजही नाही, पण एक शब्द आम्ही लांबूनही ओळखतो: दानं. हाच शब्द ब्राह्मीची किल्ली ठरला, हे नंतर समजलं तेव्हा फार आनंद झाला. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं. ही दानाची नोंद असणार असा त्याने तर्क केला आणि १८३७ मध्ये लिपी उलगडली. म्हणजे विसरलेली लिपी पुन्हा बोलू लागली ती साध्या माणसांनी दिलेल्या छोट्या छोट्या दानांमुळे.

मग एका हिवाळ्यात मोटरसायकलवर ताम्हिणी घाट उतरून माणगाव, इंदापूर, तळा करत आम्ही कुड्याला गेलो. रायगड जिल्ह्यातली ही लेणी, संख्येने २६. खाली खाडीचं पाणी दिसतं. भगवानलाल इंद्रजींनी बर्जेस यांच्याबरोबर केलेलं लेखांचं वाचन १८८१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या झेरॉक्स आम्ही बरोबर घेतल्या होत्या. कुड्याला गर्दी नव्हती. दोन-तीन गुराखी पोरं होती, तीही जरा वेळाने निघून गेली.

कुड्याचे लेख म्हणजे घराघरांची नोंदवही आहे. शिवभूती नावाचा एक लेखक, आजच्या भाषेत कारकून, स्थानिक महाभोजाच्या पदरी नोकरीला होता. त्याने लेणं दान दिलं ते भार्या नंदा हिच्यासह. तो स्वतःची ओळख सांगतो ती बापाच्या आणि आईच्या, दोघांच्या नावाने. एवढंच काय, ज्याच्या पदरी तो आहे त्या महाभोजाचीही ओळख त्याच्या आईच्या, विजयेच्या नावाने येते. सहाव्या लेण्यात शिवभूतीच्या धाकट्या भावाचा, शिवमाचा लेख आहे. दानात त्याची बायको विजया आहे, मुलगे आहेत. आणि खांब? खांब मुलींचे आहेत. सर्पा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. चार लेकी, एकेकीचं नाव घेऊन. "आणि मुली" असं म्हणून गुंडाळलेलं नाही.

झेरॉक्सवर ही नावं मी मोठ्याने वाचली. जोडीदार म्हणाला, "आमच्या घराच्या कागदावर आईचं नाव असेल का गं?" आमच्या पुढच्या दोन वर्षांची दिशा या प्रश्नाने ठरवली.

इथे काहीजण म्हणतील, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बाई स्वतंत्र होती असं तुम्हाला म्हणायचं आहे का? नाही. तसं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. दान द्यायला मुळात हातात पैसा लागतो. ज्यांनी डोंगर फोडला त्या सगळ्यांची नावं कुठे आहेत? नाशिकच्या पांडवलेण्यात दक्षमित्रेने ओवऱ्या दान दिल्याचा लेख आहे, पण तिथेही ती राजा नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको म्हणूनच येते. नातं सांगितल्याशिवाय बाई तेव्हाही उभी नव्हती. भूतकाळाला सोनेरी मुलामा देण्याचं काम आपलं नव्हे, ते करणारे दुसरे पुष्कळ आहेत. मुद्दा मर्यादित आहे. ज्या गोष्टीत आपला वाटा आहे त्या गोष्टीवर आपलं नाव असावं, एवढी समज त्या कारकुनाच्या घरात होती. ती आपल्या घरात आहे का?

आता आजचे कागद बघा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव असतं, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ महिलेला रेशनकार्डापुरतं प्रमुख मानलं आहे. म्हणजे धान्याच्या रांगेत बाई प्रमुख! पण सातबारा काढा, घरपट्टीची पावती काढा, लाईट बिल काढा. तिथे बहुतेक घरांत कोण आहे, हे तुम्हीच बघा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव घेण्याचा निर्णय केला. चांगलं झालं. पण आईचं नाव मुलाच्या नावात आलं आणि घराच्या उताऱ्यात आलं नाही, तर ते नाव अर्धंच.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती वर्षं घालवली आणि १९५१ मध्ये मंत्रिपद का सोडलं, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्या बिलाच्या गाभ्यात काय होतं? बायकांचा मालमत्तेतला हक्क. पुढे तुकड्यातुकड्यांनी कायदे आले. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. आणि आपल्या घरांत काय होतं? भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, साडी-चोळी करतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. जयंतीला निळा फेटा बांधणारी घरंही याला अपवाद नाहीत. कुड्याच्या लेकींची नावं दानलेखात आहेत, आजच्या लेकींची नावं हक्कसोडपत्रात आहेत. हा फरक मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त बोचला.

आम्ही कुड्याहून आलो आणि पुढच्याच सुट्टीत गावाकडे, सातारा जिल्ह्यात गेलो. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा काढला. एकट्या सासऱ्यांचं नाव होतं. त्या घराच्या विटा सासूबाईंनी डोक्यावरून वाहिल्या आहेत. २००३ मध्ये शासनाने "घर दोघांचे" म्हणून निर्णय काढला होता, घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने व्हावी म्हणून. त्याची प्रत घेऊन आम्ही गेलो. तिथले साहेब म्हणाले, "कशाला हा उद्योग? घर त्यांचंच आहे की!" तीन खेपा झाल्या. सासऱ्यांनी अर्जावर लगेच सही केली. ते म्हणाले, "तिच्या नावाला मी कवा नको म्हनलो? कुनी इचारलंच न्हाई." या एका वाक्यात केवढी अडचण सांगितली आहे! विरोध नसतो, पण विचारतही कुणी नाही. नवा उतारा मिळाला तेव्हा सासूबाईंनी लेकाला तो वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "परत एकदा वाच रं." एवढंच. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. नंतर त्यांनी तो कागद घडी करून ट्रंकेत, लुगड्याखाली ठेवला.

मग आमची पाळी आली. तळेगावकडे एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घ्यायचं ठरलं, किंमत २८ लाख. एका बँकेतल्या माणसाने मला काही न विचारता अर्ज जोडीदारापुढे सरकवला. माझा पगार त्याच्यापेक्षा थोडा जास्त आहे, तरी. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. घर बाईच्या एकटीच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ही सवलत राज्यात १ एप्रिल २०२१ पासून आहे. दोघांच्या नावाने घेतलं तर मिळत नाही. म्हणजे आमचे २८ हजार रुपये. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. ओळखीचे सगळे म्हणाले, बायकोच्या नावावर घ्या, नाव काय, कागदावरच तर असतं! नेमकं हेच वाक्य मला नको होतं. सवलतीसाठी बाईचं नाव लावणं वेगळं आणि तिचा वाटा म्हणून लावणं वेगळं. पैसे दोघांचे, हप्ते दोघांचे, तर नावं दोघांची. एकल बाईला, घरात ज्यांना हक्क नाकारला जातो अशा बायकांना या सवलतीचा खरा उपयोग आहे, ती राहिलीच पाहिजे. आम्ही खर्चाच्या वहीत २८ हजार लिहिले आणि कुठून वाचवायचे ते खाली लिहिलं. त्या वर्षी नवा फोन घेतला नाही, दिवाळीचे कपडे घेतले नाहीत. लेण्यांचे रविवार मात्र सोडले नाहीत.

करारनाम्यावर आज दोन नावं आहेत. माझं आधी, कारण अर्ज मी भरला.

वाचकहो, लेणी बघायला जरूर जा. जोडीने जा, म्हाताऱ्या आईला घेऊन जा, लेकीला घेऊन जा. फोटो काढा. पण तिथे कुणाकुणाची नावं कोरली आहेत ते एकदा वाचा, आणि घरी आल्यावर स्वतःच्या घराचा उतारा, लाईट बिल, करारनामा समोर ठेवून वाचा. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं असेल तर तेही वाचा. बायकोचं, आईचं, बहिणीचं नाव जिथे असायला हवं तिथे नसेल, तर अर्ज करायला फार काही लागत नाही. एक कोरा कागद, दोन सह्या आणि तीन खेपा मारण्याची तयारी. दगड फोडण्यापेक्षा हे काम नक्कीच सोपं आहे.