छपरे आणि डोंगर

निसर्गचित्रणाला रुंद कोनाचे भिंग हवे, असा सर्वसाधारण समज आहे. इचलकरंजीतील गच्चीवरून मात्र मला लांब टेलिफोटो लेन्सच उपयोगी पडते. रुंद भिंगात उत्तरेकडचा बाहुबलीचा डोंगर नखाएवढा उरतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे ४६ अंशांचे दृश्य घेते, ३०० मिलिमीटरची जेमतेम ८ अंशांचे. त्या चिंचोळ्या चौकटीत यंत्रमागांची पत्र्याची छपरे, उसाचे मळे आणि डोंगर एकमेकांना खेटून उभे राहतात. ही जवळीक लेन्स निर्माण करीत नाही. तिन्ही गोष्टी आपल्यापासून दूर असल्यामुळे त्यांच्यातील अंतर कमी भासते. लेन्स केवळ बाकीचे दृश्य वगळते.

त्यासाठी पावसाने धुतलेली सकाळ आणि भक्कम तिकाटणे हवे. दुपारच्या तापलेल्या हवेत डोंगराची कड थरथरते, आणि हाताचा किंचित कंपही चित्रात मोठा होऊन उमटतो.

छपरे टाळून नुसता डोंगर टिपावा, असे स्नेही सुचवितात. तसे चित्र सुबक होईलही. परंतु ज्या छपरांखाली रात्रपाळीचे माग खडखडतात आणि ज्यांवर या गावाची चूल पेटते, ती वगळून मिळणारे सौंदर्य मला आपल्या गावाचे वाटत नाही.