मातीचा लेप

आपण मातीचे आहोत हे राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आपल्याला आठवते, आणि गुरुवार उजाडेपर्यंत आपण ते विसरूनही जातो. माझ्या आजीला मात्र असे विसरणे शक्य नव्हते. वसईच्या वाडीत तिचे सारे आयुष्य मातीत हात घालूनच गेले, आणि घरातल्या लहानसहान तक्रारींवर तिचे पहिले औषधही मातीच असे. उन्हाळ्यात अंगावर घामोळे उठले की ती भिजवलेल्या मुलतानी मातीचा लेप लावी. गांधीलमाशीने डंख केला की ओल्या मातीची गार टिकली बसे. लेप सुकू लागला की कातडी ओढल्यासारखी होई आणि दाह उतरत जाई.

या उपचाराला तिने एक मर्यादा घातली होती: फुटलेल्या कातडीला माती लावायची नाही. या नियमामागे आमच्या घरातले एक दुःख होते. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. नाळ कापल्यावर सुईणीने रिवाजाप्रमाणे तिच्यावर राख आणि माती दाबली. आठव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला, त्याला दूध ओढता येईना. घाईघाईने घरातच त्याचा स्नानसंस्कार उरकला आणि संध्याकाळी तो गेला. धनुर्वाताचे बीज मातीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहते, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हते. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची मान्यता भारताला मिळाली ती 2015 साली. मातेला दिलेली लस, स्वच्छ पाते आणि कोरडी ठेवलेली नाळ यांनी ते घडवले.

म्हणून माती वाईट ठरत नाही. दुसऱ्या शतकात गेलेन हा वैद्य लेम्नोस बेटावर गेला, तो तिथली मुद्रा उमटवलेली औषधी माती पाहण्यासाठी. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आडोल्फ जुस्ट या जर्मन लेखकाचे पुस्तक वाचून पोटावर मातीची पट्टी बांधण्यास आरंभ केला. 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर लिहितानाही त्यांनी बजावले, की खत घातलेल्या जमिनीतली माती घेऊ नये आणि शंका असल्यास ती तापवून घ्यावी. 1946 साली त्यांनी उरुळी कांचन येथे सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात मातीच्या पट्ट्या आजही देतात.

चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. त्यांच्यावरील ऋण विद्युतभार धनभारित कण धरून ठेवतो, आणि त्यांचा विस्तीर्ण पृष्ठभाग त्वचेवरील तेल शोषून घेतो. 2008 साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी दोन फ्रेंच हिरव्या मातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील बुरुली व्रणाच्या रुग्णांवर एका फ्रेंच महिलेने अशा मातीचे लेप लावले होते. दिसायला आणि घडणीत दोन्ही माती जवळजवळ सारख्या. पण प्रयोगशाळेत एकीने रोगजंतू मारले, दुसरीने मारले नाहीत. नुसत्या डोळ्यांना मातीची पारख होत नाही, हाच त्याचा अर्थ. आज त्या व्रणावर प्रतिजैविके आहेत, आणि उघडी जखम डॉक्टरांनाच दाखवावी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशूने थुंकीने चिखल केला आणि जन्मांधाच्या डोळ्यांना लावला. शब्बाथ दिवशी चिखल कालवला, म्हणून परूशी रागावले. त्या वादात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. तो मनुष्य चिखल डोळ्यांवर ठेवून बसला नाही. त्याला शिलोहाच्या तळ्यावर पाठवण्यात आले. तो गेला, त्याने डोळे धुतले आणि मग त्याला दिसू लागले. मातीवर श्रद्धा ठेवणाऱ्याने पाण्याचाही मान राखावा. लेप लावण्याइतकेच तो वेळेवर धुऊन टाकणेही उपचारातच मोडते.