पहिला फोन मला नको

मी पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत माझा मोबाइल अपरात्री वाजतो. पलीकडून झुरिकहून किंवा न्यू जर्सीहून विचारणा होते, ‘‘डॉक्टर, ह्यांच्या छातीत जड वाटतंय. विमानातलं खाणं बाधलं असेल का?’’

इथून मला त्यांचा ईसीजी दिसत नाही, नाडी हाताला लागत नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली असेल, तर माझ्याशी बोलण्यात गेलेल्या प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. तरीही आपली माणसं आधी पुण्याला विचारतात, मग टूर मॅनेजरला, मग बोस्टनच्या भाच्याला. मी एवढंच सांगतो, ‘‘काकू, फोन ठेवा आणि आधी 112 लावा.’’ तिथल्या डॉक्टरांशी मी नंतर हवं तेवढं बोलेन.

युरोपीय संघात सगळीकडे 112 चालतो, स्वित्झर्लंडमध्येही. तिथे रुग्णवाहिकेचा थेट क्रमांक 144. अमेरिकेत 911, जपानमध्ये 119, दुबईत 998, थायलंडमध्ये 1669. फोन लागला की आजाराआधी पत्ता सांगायचा. मध्येच लाइन तुटली तरी गाडी निघू शकते. म्हणून हॉटेलचं कार्ड खिशात हवं.

फोन न करण्यामागे बहुधा बिलाची धास्ती असते, आणि अमेरिकेत ती अगदीच खोटी नाही. मात्र तिथल्या 1986 च्या कायद्यानुसार जवळजवळ सगळ्याच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला, पैसे आहेत की नाहीत हे न पाहता रुग्णाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं. बिल मागाहून येतं, आणि जबर येतं.

इथे विमा आठवतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचं संरक्षण सक्तीचं आहे, म्हणून लोक स्वस्तातली पॉलिसी घेतात आणि अर्जात बीपी, शुगर, अगदी झालेल्या बायपासपुढेही बिनदिक्कत ‘नाही’ लिहितात. रुग्णालयात जुने आजार विचारले जातात, खरं सांगावंच लागतं, ते केसपेपरवर येतं आणि दावा तिथेच अडतो. थोडा जास्त हप्ता भरा, पण खरं लिहा. जुन्या आजाराला पॉलिसीत किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अवस्थेत संरक्षण आहे, तेही वाचा. दाखल होताच विमा कंपनीच्या मदत कक्षाला कळवायचं, कारण कॅशलेसची चक्रं तिथूनच फिरतात.

भारतीय दूतावासाकडून बिल भरण्याची अपेक्षा ठेवू नये. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार नोंदवून दूतावासातून मायदेशी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळू शकतं.

औषधांबाबत मात्र मी हट्टी आहे. पट्ट्यांतून गोळ्या काढून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या डबीत भरल्या की परदेशातल्या डॉक्टरला त्या कशाच्या, हे कळायला मार्ग नसतो. मूळ पट्ट्या आणि औषधांची जेनेरिक नावं असलेली चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आखाती देशांत नेण्याआधी तिथले नियम पाहा. ती तिथे नियंत्रित औषधं आहेत.

शिवाय जुना ईसीजी मोबाइलमध्ये असू द्या. नव्याशेजारी तो ठेवला की दिसणारा बदल आजचा की कालचा, याचा अंदाज येतो. आमच्याकडे मागितला तर त्याची पीडीएफ लगेच मिळते. व्हिसाच्या पत्रासाठी तीनदा येणारे लोक ती मात्र मागत नाहीत.