कोरडा हात आणि घट्ट पकड

संपादकांनी फोनवर विषय सुचवला तो 'बोटॉक्स आणि तारुण्य'. मी म्हटलं, लेख देतो, पण सुरकुत्या सोडून घामावर लिहितो. हे औषध लोकांना नटनट्यांच्या कपाळापुरतंच माहीत आहे. माझ्या दवाखान्यात त्याचं सगळ्यात मोलाचं काम चालतं ते काखेत आणि तळहातावर. अतिघामाची तक्रार घेऊन पेशंट थेट येत नाही. तो गजकर्ण दाखवायला येतो, केस गळतात म्हणून येतो, आणि उठता उठता ओला तळहात पुढे करतो. तोवर त्याने बरीच वर्षं हस्तांदोलन टाळलेलं असतं, परीक्षेत उत्तरपत्रिकेखाली रुमाल धरलेला असतो. रेशन दुकानातलं यंत्र त्याचा अंगठा घेत नाही म्हणून मागच्या रांगेची बोलणी खाल्लेली असतात.

अशा माणसाला 'घाबरट' म्हणणं थांबवा, एवढं एक वाचकांनी ऐकलं तरी मला पुरे. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्यांची दाटी सर्वाधिक. अतिघामाच्या पेशंटमध्ये या ग्रंथी संख्येने जास्त नसतात, आकारानेही मोठ्या नसतात. त्यांना हुकूम देणारे चेतातंतू गरजेपेक्षा जास्त हुकूम देत राहतात. त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, झोपेत थांबतो, आणि पुष्कळदा आई-वडिलांपैकी कुणाला तरी असतोच. घाम आला की माणूस बावरतो आणि बावरला की घाम वाढतो, पण मूळ दोष चेतातंतूंचा. याउलट चाळिशीत अचानक सर्वांगाला सुरू झालेला, किंवा रात्री अंथरूण भिजवणारा घाम असेल तर मी इंजेक्शनाचं नावही काढत नाही. आधी थायरॉइड, साखर, क्षयरोग, चालू असलेली औषधं, हे सगळं तपासायचं.

दुसरा गैरसमज अंगातल्या 'उष्णते'चा. सब्जा पिऊन, वाळ्याचं पाणी पिऊन मुलं कंटाळलेली असतात. आणि तिसरा, ज्याने मी खरोखर चिडतो: घाम अडवला तर शरीरातलं विष आतच राहील! घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंडं लावतात. दोन काखा कोरड्या केल्याने अंग थंड ठेवण्याच्या कामातही काही बिघडत नाही, तेवढ्या जागेने फरक पडत नाही. आजोबा दाढीनंतर तुरटी लावायचे, ती काखेतही फिरवायचे. तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार. आज आम्ही पहिला उपाय म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड देतो, तो त्याच कुळातला. तेव्हा कुणी विष अडकल्याची भीती घातली नव्हती.

खरं विष आहे ते औषधातच, आणि ते मी पेशंटपासून लपवत नाही. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसं दगावत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने 1820 च्या सुमारास त्या विषबाधेची बारकाईने नोंद केली. स्नायू लुळे पडतात, तोंड कोरडं पडतं आणि घाम थांबतो, हे त्याने पाहिलं. हे विष अगदी सूक्ष्म मात्रेत औषध ठरेल, असंही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे 1895 मध्ये बेल्जियममध्ये व्हॅन एर्मेन्गेमने ते तयार करणारा जीवाणू शोधला. घामाच्या ग्रंथीला पोचणारा तंतू सिंपथेटिक चेतासंस्थेच्या जाळ्यातला, पण त्याच्या टोकाशी पाझरणारं रसायन मात्र ॲसिटिलकोलिन, जे त्या जाळ्यात अवयवांपर्यंत पोचणाऱ्या इतर तंतूंच्या टोकाशी सहसा आढळत नाही. बोटॉक्समधलं हे विष, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, तंतूच्या टोकातलं स्नॅप-25 नावाचं प्रथिन कापतं, ॲसिटिलकोलिन बाहेर पडत नाही, आणि ग्रंथीला हुकूम पोचत नाही. (इथे मी थांबायला हवं हे कळतं, पण निसर्गाने हा एक अपवाद ठेवला नसता तर घामासाठी आमच्या हाती हे औषधच नसतं.)

काखेचं काम सरळ आहे. त्वचेला आयोडीन लावायचं, सुकलं की वर मक्याचं पीठ भुरभुरायचं. घाम येतो तिथे निळा-काळा रंग उमटतो, ती जागा पेनाने आखायची. मग एक ते दोन सेंटिमीटरवर एकेक थेंब, त्वचेच्या आतल्या थरात, एका काखेत दहा ते पंधरा ठिकाणी, मिळून 50 युनिट. हे युनिट एका विशिष्ट उत्पादनाचं. कंपनी बदलली की आकडा बदलतो, म्हणून 'तिकडे कमी युनिटांत झालं' ही तुलना करू नये. आठवड्याभरात काख कोरडी होऊ लागते आणि साधारण सहा महिने, कधी जास्तही, तशी राहते. अमेरिकेत काखेसाठी या उपचाराला 2004 मध्ये मान्यता मिळाली. तळहाताला ती तिथे आजतागायत नाही. तरी जगभर आम्ही तो करतो, पेशंटला तसं सांगून.

तळहातात हे इंजेक्शन फार दुखतं आणि काही आठवडे पकड सैल करू शकतं. या अडचणींमुळे पुष्कळजण शस्त्रक्रियेकडे वळतात, आणि माझं भांडण तिथे आहे. छातीत दुर्बीण घालून सिंपथेटिक साखळी छेदली की शुद्धीवर येताच हात कोरडे. पेशंट रडतात, आनंदाने. काही महिन्यांनी त्यांतले पुष्कळ परत येतात: आता पाठ, पोट, मांड्या भिजतात. याला भरपाईचा घाम म्हणतात. छेद दुसऱ्या बरगडीच्या पातळीऐवजी आणखी खाली घेतला तर हा त्रास कमी होतो, असं सर्जन सांगतात आणि ते खरं आहे. कमी होतो, पण टळतोच असं नाही. छेदाऐवजी क्लिप लावली तर ती काढता येते, हेही ऐकवलं जातं. क्लिप काढल्यावर तंतू पूर्ववत होईलच, ही खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. माझं इंजेक्शन सहा महिन्यांत उतरतं म्हणून लोक नाक मुरडतात. मला तो त्याचा गुण वाटतो. अठरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात कायमचा बदल करण्याआधी बाकीचे सगळे उपाय करून पाहिले पाहिजेत, आणि ते पाहिले जात नाहीत.

हे सगळं ठामपणे सांगणारा मी गेल्या उन्हाळ्यात अडलो. हुपरी भागातला एक तरुण, पैंजणाच्या कड्या जोडणारा. घामाने चांदी काळवंडते, चिमटा निसटतो. आई सोबत होती. म्हणाली, "डॉक्टर, रुमाल पिळून पिळून वैताग आलाय ओ, काम हातचं जायची येळ आली." मी तळहाताच्या इंजेक्शनाबद्दल सांगू लागलो. मनगटाशी नसा बधिर कराव्या लागतात, नाहीतर वेदना सहन होत नाहीत. औषध अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूत झिरपलं तर चिमटीची ताकद काही आठवडे कमी होते. त्याने लगेच विचारलं, "सर, हात कोरडा झाला आणि चिमटाच धरता आला नाही तर?"

कारकुनाला मी सांगतो, चार-सहा आठवडे बाटलीचं झाकण उघडताना जरा जपा. याला काय सांगणार? मजुरी नगावर, आणि ती चिमटीतून मिळते. शिवाय दोन्ही तळहातांना मिळून 200 युनिटपर्यंत औषध लागू शकतं, तेही वर्षातून दोनदा. आरोग्यविम्याकडे मागावं तर असे दावे 'सौंदर्योपचार' म्हणून परत आलेले मी पाहिलेत. एका कंपनीच्या अधिकाऱ्याला मी रंगलेल्या काखांचे फोटो पाठवून लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं. ज्याच्या कामाला हा उपचार सर्वाधिक हवा, त्यालाच तो सर्वांत धोक्याचा आणि न परवडणारा, हे मला अजून पचलेलं नाही.

सध्या आम्ही त्याला आयन्टोफोरेसिस देतो आहोत. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात, त्यातून सौम्य विद्युतप्रवाह, वीस मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. कंटाळवाणं आहे, पण पकड जात नाही. पुरेसा गुण आला नाही तर आधी डावा हात, अंगठ्याच्या मुळाशी डोस अगदी कमी ठेवून, आणि तोही लग्नसराईची मागणी ओसरल्यावर. उजव्या हाताचं त्यानंतर ठरवू, आणि ते त्यानेच ठरवायचं, असं मी त्याला सांगितलं आहे.