उजव्या हाताचा पुत्र

आमचा धाकटा भाऊ देवाघरी गेला, त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच्या घरी पुत्र जन्मास आला. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळास पित्याचेच नाव द्यावे, असा आम्हां वडीलधाऱ्यांचा आग्रह होता. भावजयीने मौन धरले. अखेर ती एवढेच म्हणाली, "हाक मारताना दर वेळी माझे डोळे भरून यायला नकोत."

त्या रात्री आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३५ वा अध्याय काढला. बेथलेहेमच्या वाटेवर राहेल प्रसूत झाली. प्राण जाता जाता तिने बाळाचे नाव 'बेनओनी', म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवले. याकोबाने मात्र त्यास बेंजामिन म्हटले. हिब्रू भाषेत 'बेन' म्हणजे पुत्र आणि 'यामीन' म्हणजे उजवा हात. पूर्वेकडे तोंड करून दिशा ठरविणाऱ्या त्या लोकांत उजवी बाजू तीच दक्षिण दिशा. आपल्या 'दक्षिण' शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात. उजवा हात हे सामर्थ्याचे आणि सन्मानाचे स्थान. इस्राएलचा पहिला राजा शौल आणि प्रेषित संत पौल हे याच बेंजामिनच्या वंशातले.

याकोबाने राहेलच्या कबरेवर स्तंभ उभारला. दुःखाची खूण त्याने दगडावर ठेवली. लेकराच्या माथी ती येऊ दिली नाही.

आम्ही आग्रह सोडला. रविवारी धर्मगुरूंनी बाळाचे नाव विचारले, तेव्हा भावजयीनेच उत्तर दिले. भावाचे नाव त्याच्या क्रुसावर आहे. अंगणात हाक ऐकू येते ती बेंजामिनची.