तुणतुणे, बारा तारांची गिटार आणि पाच नवे अल्बम

#धागा

१/ एखाद्याच्या त्याच त्या बोलण्याचा कंटाळा आला की आपण म्हणतो, "तेच तुणतुणं किती दिवस वाजवणार?" एखाद्या वाद्याची भाषेने इतकी थट्टा केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. या धाग्यांतून आपण एरवी किल्ले, शिलालेख, नाणी पाहतो. आज एका नादाचा इतिहास पाहू, आणि शेवटी गिटारच्या पाच नव्या अल्बमांची शिफारस करीन. दोहोंचा संबंध आहे.

२/ माझे गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात. आमच्याकडे लग्न झाले की गोंधळ घालावाच लागतो. थोरल्या भावाच्या लग्नानंतर अंगणात चौक भरला, दिवटी पेटली, संबळ कडाडला. मी मात्र कानांत इअरफोन घालून गच्चीवर बसलो होतो. शहरात शिकत होतो, आणि खालच्या आवाजाची मला लाज वाटत होती.

३/ खाली संबळवाल्याच्या मागे एक वृद्ध गृहस्थ तुणतुणे धरून उभे होते. आतून पोखरलेले नळकांडे, त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले, बाजूला बांबूची काठी, काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार पोकळीतून वर खुंटीपर्यंत गेलेली. लाकडाच्या बारीक तुकड्याने ती छेडायची. वाद्य एवढेच.

४/ पण त्याचा वंश लहान नाही. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. शाहिरांच्या फडातही डफाला साथ तुणतुण्याचीच. अफझलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला. शब्द कागदावर उतरले. तारेचा नाद मात्र उतरला नाही.

५/ आता १९६४ सालाकडे येऊ. बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत गेले, तेव्हा जॉर्ज हॅरिसनला रिकेनबॅकर कंपनीची बारा तारांची विद्युत गिटार मिळाली. सहा जोड्या, वरच्या दोन जोड्यांतल्या तारा एकाच सुरात, खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या सप्तकभर वर. दोन तारा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या किंचित फरकातून झणझणाट जन्मतो. यालाच पुढे 'जँगल' म्हणू लागले.

६/ 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट पाहून रॉजर मॅग्विन या तरुणाने तशीच गिटार घेतली. १९६५ मध्ये त्याच्या बर्ड्‌स या संचाने बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' ध्वनिमुद्रित केले. कंप्रेसर या यंत्राने आवाजाची उंची दाबून तार अधिक वेळ निनादत ठेवली होती. हे गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

७/ याच बर्ड्‌सनी १९६५ च्या उन्हाळ्यात हॅरिसनशी पंडित रविशंकरांच्या संगीताविषयी चर्चा केली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजली. पुढच्या वर्षी बर्ड्‌सच्या 'एट माइल्स हाय'वर रविशंकरांची आणि जॉन कोल्ट्रेनची छाया पडली. मोकळी तार सतत वाजत ठेवून तिच्यावर सूर रचायचे, ही आपली जुनी सवय त्या गिटारलाही मानवली.

८/ आपल्याकडे अशा नादासाठी नेमका शब्द आहे : जवारी. (आमच्या भागात जवारी म्हणजे भाकरीचे धान्यही!) तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नाद उघडतात. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तुणतुण्याला अशी घोडी नसते. तार थेट कातड्याला ताणून धरते, म्हणून तिचा आवाज टोकदार आणि थोडा हट्टी.

९/ 'पॉवर पॉप' हा शब्द १९६७ मध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंडने वापरला. गोड चाल, झणझणती गिटार, जोरकस ढोल, तीन मिनिटांत गाणे समाप्त. मेम्फिसच्या बिग स्टार या संचाचा 'नंबर वन रेकॉर्ड' १९७२ मध्ये आला. वितरणातल्या गोंधळामुळे तो दुकानांत नीट पोहोचलाच नाही. तरी पुढच्या पिढीतल्या अनेक संचांनी त्याचे ऋण मान्य केले. खपला नाही म्हणून नाद मरत नाही. पण कुणीतरी तो मुद्रित केलेला असावा लागतो.

१०/ आता शिफारशी. पहिली : द लेमन ट्विग्ज, 'अ ड्रीम इज ऑल वी नो' (२०२४). न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे डॅडारिओ बंधू. साठच्या दशकाचा नाद त्यांनी इतक्या निष्ठेने घडवला आहे की साल ओळखणे कठीण जाते. सुरुवात इथून करा.

११/ दुसरी : ऑस्ट्रेलियाचा रोलिंग ब्लॅकआउट्स कोस्टल फीव्हर, 'एंडलेस रूम्स' (२०२२). तीन गिटारी एकमेकींना वाट देत धावतात. तळ्याकाठच्या मातीच्या विटांच्या घरात हा अल्बम घडला. तिसरी : कॅनडाचा ऑल्व्हेज, 'ब्लू रेव्ह' (२०२२). कच्ची ध्वनिमुद्रणे चोरीला गेली, तळघरात पाणी शिरले, साथीत सीमा बंद झाल्या. तरी तो पूर्ण झाला. गायिका मॉली रँकिन लोकसंगीताच्या घराण्यातली आहे, तिचे वडील 'द रँकिन फॅमिली'त वाजवत. हे ध्यानात ठेवून ऐका.

१२/ चौथी : स्कॉटलंडचा टीनएज फॅनक्लब, 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' (२०२३). १९९१ मध्ये 'बँडवॅगनेस्क'ने गाजलेली ही मंडळी आता वयाला शोभेल अशा संथ स्वरात गातात. घाई करू नका. संध्याकाळी ऐका.

१३/ पाचवी : न्यूझीलंडचा द बेथ्स, 'एक्स्पर्ट इन अ डाइंग फील्ड' (२०२२). शीर्षकाचा अर्थ : मरणपंथाला लागलेल्या विद्येतला तज्ज्ञ. एलिझाबेथ स्टोक्सचे हे गाणे तुटलेल्या नात्याविषयी आहे : एका माणसाविषयी मिळवलेल्या एवढ्या ज्ञानाचे आता करायचे काय? वसतिगृहात ते प्रथम ऐकले तेव्हा मला दुसरेच कुणी आठवले. आमच्या अंगणातले ते तुणतुणेवाले.

१४/ त्या रात्री आपण गच्चीवर बर्ड्‌स ऐकत होतो आणि खाली तीच युक्ती एका तारेवर चालू होती, हे मला तेव्हा उमगले. पुढच्या सुट्टीत मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते वारले होते. तुणतुणे भिंतीला टांगलेले होते, तार गंजलेली. त्यांचा मुलगा संबळ उत्तम वाजवतो, पण साथीला आता कीबोर्ड असतो. मी विचारले तेव्हा त्याने खुंटी पिळली, एकदा छेडली आणि म्हणाला, "दादा किती ताणत होते, ते काय आता ध्यानात नाही."

१५/ भावाच्या लग्नाची चित्रफीत आहे. पण चित्रीकरण करणाऱ्याने गोंधळाच्या भागावर चित्रपटगीत चढवले आहे. चित्रात त्यांचा हात हलताना दिसतो, आवाज मात्र येत नाही.

१६/ म्हणून शिफारशी पाच, विनंती एक. यंदा कुणाच्या घरी गोंधळ असेल तर मोबाइल संबळापासून जरा दूर, तुणतुण्याच्या बाजूला ठेवा. संबळ सगळे झाकून टाकतो. वाजवणाऱ्यांची परवानगी घ्या, त्यांचे नाव, गाव, तारीख ध्वनिफितीतच बोलून घ्या. तार कोणत्या सुरात लावता, हेही विचारा. मी विचारले नाही.

धागा समाप्त.