पाच पूल, बारा वळणं

तंजावरहून तिरुवैयारुला निघालं की तेरा किलोमीटरांत पाच नद्या आडव्या येतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि गावाला लागून कावेरी. गावाच्या नावातच हे पाच पाट आहेत. प्रस्तुत लेखकाने आपल्या नव्या कोऱ्या टीव्हीएस अपाची आरआर ३१० चे पहिले हजार किलोमीटर याच पाच पुलांवर ये-जा करून भरले. नवं इंजिन सुरुवातीला जपायचं असतं म्हणतात. इथं वेगळं जपावं लागत नाही. पोंगलच्या सुमारास अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं, समोर शेळ्या आणि मागे खासगी बसचा भोंगा.

गाडीला चार मोड. अर्बन आणि रेनमध्ये तेव्हाचं इंजिन २५.८ अश्वशक्तीवर समाधान मानायचं, स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये पुरे ३४ द्यायचं. ट्रॅकचं बटण त्याने वेट्टारुच्या पुलावर एकदाच दाबलं आणि पुढची बैलगाडी बघून मुकाट्याने परत अर्बनवर आला.

घर मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून आलेल्या घराण्यांपैकी एक. भाषा टिकली, घोडे गेले. त्याने शर्यतीच्या ट्रॅकवरच्या प्रशिक्षणाला नाव दिलं.

“रस्ता काय कमी आहे म्हणून ट्रॅकवर चाललास?” अप्पांनी विचारलं.

“रस्ता आहे म्हणूनच चाललोय, अप्पा.”

तिरुवैयारुतली संत-संगीतकार त्यागराजांच्या आराधनेची गर्दी ओसरली आणि एका शुक्रवारी आईने बांधून दिलेला चिंचेचा भात पाठीवर घेऊन तो निघाला. कुंभकोणम, तिंडीवनम, चेंगलपट्टू करत सुमारे तीनशे किलोमीटर. मुक्काम श्रीपेरुंबुदूरजवळ, कारण ट्रॅक तिथून हाकेच्या अंतरावर, इरुंगाट्टुकोट्टैला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासूनचा. त्यांच्या शर्यती पूर्वी शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, १९९० मध्ये हा स्वतःचा ट्रॅक झाला. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची, वळणं बारा. केटीएमच्या मोटारसायकली बनतात पुण्याजवळ चाकणला, पण पुण्याचे शौकीनही बॅगा भरून इकडे किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर येतात. त्या दिवशी चहाच्या रांगेत मागून अस्सल पुणेरी मराठी ऐकू आली आणि त्याने वळून उत्तर दिलं, तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सकाळी आधी तपासणी. साखळीचा ताण, ब्रेकच्या पट्ट्या, टायर. टायरमधली हवा थोडी उतरवली, कारण रबर तापलं की दाब आपोआप चढतो. दिव्यांवर आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी, म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकभर उडत नाहीत. मग आरसे काढले. स्पीडोमीटरवरही पट्टी. हॉर्न जागेवर होता, पण तो वाजवायचा कुणासाठी? पाच पुलांच्या रस्त्यावर ज्या तीन गोष्टींच्या भरवशावर तो रोज जिवंत घरी येतो, त्या तिन्ही नाश्त्याच्या आधी बाद झाल्या. जबाबदारी आपली आपल्यावर असल्याच्या कागदावर सही केली. मोटारीचा नेहमीचा विमा शर्यत आणि वेगाच्या चाचणीला लागू नसतो, हे पॉलिसीत बारीक अक्षरांत असतं. तो ते आदल्या रात्री लॉजवर पहिल्यांदा वाचत होता.

भाड्याचा चामडी सूट अंगात शिरायला दोघांची मदत लागली. प्रशिक्षकाचा पहिला हुकूम ऐकून मात्र हिरमोड झाला: चौथा गियर, ब्रेकला हात नाही, फक्त थ्रॉटल. ब्रेक नाही म्हटल्यावर वळणाआधीच वेग कमी करावा लागतो, आणि किती कमी, हे दुसरं कुणी सांगत नाही. वळणात शिरल्यावर थ्रॉटल अलगद, सलग उघडत न्यायचा. मधेच सोडला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि गाडी डुचमळते. पहिल्या चार फेऱ्या तो नुसता डुचमळला.

दुसऱ्या सत्रात ब्रेकची परवानगी मिळाली, तशी अक्कल गेली. इथे वळणांना सी-वन, सी-टू असे आकडे आहेत. सरळ पट्ट्यावरून तो सी-वनच्या उजव्या वळणावर आला आणि रस्त्याची सवय नडली. मागून कुणी येतंय का, म्हणून डोळे नसलेल्या आरशाकडे गेले. अर्धा क्षण. वर बघतो तर ट्रॅकची डावी कड अंगावर येतेय, कडेपलीकडे वाळलेलं गवत. नजर गवतात अडकली आणि गाडी इमानेइतबारे नजरेमागे गेली. निदान सकाळचा धडा आठवला: गवतात गेलात तर गाडी सरळ ठेवा, पुढचा ब्रेक विसरा. हादरे खात, धूळ उडवत ती थांबली. मार्शलने पिवळा झेंडा दाखवला. तो आडवा झाला नव्हता, पण हेल्मेटमध्ये श्वासाचा आवाज भात्यासारखा.

पिटमध्ये प्रशिक्षकाने रागावण्याऐवजी एकच विचारलं, “मागे काय होतं?”

मागे काहीच नव्हतं. मागच्याला ओलांडायचं असेल तर ती काळजी मागच्याची, हा तिथला नियम.

दुपारनंतर तो खूप वेगात गेला असं नाही. पण शेवटच्या सत्रात सी-वनला डोळे सलग पुढे राहिले, वळणाच्या आतल्या कडेवर आणि तिथून बाहेरच्या मोकळ्या डांबरावर. दोनदा. तिसऱ्यांदा पुन्हा चुकलं.

रविवारी घरी पोचला तेव्हा आरसे जागेवर होते आणि हेडलाइटवर चिकटपट्टीचा डिंक. अप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकले, मागच्या टायरच्या कडेवर बोट फिरवलं. तिथं रबराच्या बारीक गोळ्या वळल्या होत्या.

“लोकांचं टायर मधे झिजतं. तुझं कडेला?”

“ट्रॅकवर तसंच होतं.”

“एकाचे किती?”

त्याने हजार रुपये कमी करून सांगितले.